मेच्निकॉव्हचा प्रश्न

परगावचे पाणी लागते, असे आपण सहज बोलून जातो. ज्यांची उमेदीची वर्षे बदलीच्या नोकरीत गेली त्यांना ह्या शब्दांचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. पण ह्या बोलण्यात एक कोडे दडलेले आहे. एकाच वसाहतीत, एकाच टाकीचे पाणी दोन बिऱ्हाडे पितात. एकाला ते लागते, दुसऱ्याला लागत नाही. दोष सगळा पाण्याचाच असता तर हा भेद पडला नसता. तेव्हा पिणाऱ्याच्या ठिकाणीही काही असले पाहिजे. ते काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये एका रशियन शास्त्रज्ञाने पटकीच्या निमित्ताने रोखून विचारला. त्याचे बरेचसे उत्तर मिळावयास शंभरांहून अधिक वर्षे लागली. त्या काळातील वळणे पाहण्यासारखी आहेत.

रॉबर्ट कॉखने १८८४ साली कलकत्त्यास पटकीच्या रोग्यांत व तेथील तळ्याच्या पाण्यात स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू दाखवून दिला होता. हाच जंतू पटकीचे कारण, असे त्याचे म्हणणे. म्यूनिकचा वृद्ध आरोग्यशास्त्रज्ञ पेटेनकोफर ह्यास ते मान्य नव्हते. नुसत्या जंतूने पटकी होत नाही, जमीन, हवामान व माणसाची प्रकृती ह्यांचाही त्यात वाटा असतो, असा त्याचा आग्रह. १८९२ च्या ऑक्टोबरात, हॅम्बुर्गमध्ये पटकीने हजारो माणसे नुकतीच मेलेली असताना, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी त्याने ह्या जंतूंचे जिवंत द्रावण सर्वांदेखत पिऊन टाकले. त्याला थोडे जुलाब झाले, इतकेच. म्हातारा जिंकला असे त्याच्या शिष्यांस वाटले असल्यास नवल नाही. वास्तविक कॉखचे म्हणणे खरे होते. परंतु पेटेनकोफर मेला का नाही, ह्याचे उत्तर कॉखजवळही नव्हते.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या इल्या मेच्निकॉव्हला हे उत्तर हवे होते. हा मनुष्य मूळचा प्राणिशास्त्रज्ञ. १८४५ साली खारकॉव्हकडील एका खेड्यात जन्मलेला, पुढे ओडेसाच्या विद्यापीठात प्राध्यापक झालेला. १८८२ साली सिसिली बेटातील मेसिना येथे सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाची पारदर्शक पिले पाहताना त्याच्या मनात एक कल्पना आली. त्याने गुलाबाचे काटे आणून त्या पिलांच्या अंगात टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो काट्यांभोवती हिंडत्या पेशींची दाटी झालेली! परका आत शिरला की त्याला गिळून टाकण्यास धावून जाणाऱ्या ह्या पेशी म्हणजेच शरीराचे शिपाई, हा सिद्धान्त त्याने मांडला व पुढे पंचवीस वर्षे तो लढवला. १९०८ सालचे नोबेल पारितोषिक त्याला पाउल एरलिख ह्याच्या बरोबरीने मिळाले ते ह्याच कामाबद्दल.

मेच्निकॉव्हनेही पटकीचे जंतू गिळले. त्याला काही झाले नाही. मग एका तरुण स्वयंसेवकाने गिळले. त्यालाही काही झाले नाही. दुसऱ्या एकाने गिळले, आणि तो मरता मरता वाचला. (असले प्रयोग आज कोणत्याही संस्थेत करू देणार नाहीत, आणि देऊ नयेत हेच बरे.) तिघांच्या पोटात गेलेला जंतू एकच, फरक पोटांचा होता. मेच्निकॉव्हने तेव्हा आतड्यात एरव्ही राहणारे जंतू काचेच्या बशीत पटकीच्या जंतूशेजारी वाढवून पाहिले. काही जंतूंच्या सहवासात पटकीचा जंतू फोफावला, काहींच्या सहवासात त्याची वाढ खुंटली. आतड्यात आधीपासून कोण वस्ती करून आहे ह्यावर नव्या पाहुण्याचे भवितव्य ठरते, हा निष्कर्ष त्याने १८९४ साली प्रसिद्ध केला. आजच्या ज्ञानाच्या उजेडात पाहिले तर त्याच्या सर्व कामांत, त्या भक्षक पेशी सोडल्या तर, ह्या निष्कर्षाइतके दूरवर पोचलेले दुसरे काही नाही.

परंतु ही वाट तेथेच थांबली, कारण लशीची वाट अधिक सरळ होती. त्याच संस्थेत मेच्निकॉव्हचा ओडेसाचा विद्यार्थी वाल्देमार हाफकिन हा काम करीत होता. १८ जुलै १८९२ रोजी त्याने पटकीची आपली लस स्वतःस टोचून घेतली, १८९३ साली तो कलकत्त्यास आला, आणि १८९६ साली प्लेगने मुंबई गाठल्यावर सरकारने त्याला तेथे बोलावले. परळच्या ज्या संस्थेस १९२५ पासून त्याचे नाव आहे तिच्यापुढून आपल्यापैकी पुष्कळ जण गेले असतील. तिचा धागा अशा रीतीने पॅरिसमधील त्या उन्हाळ्याशी जोडलेला आहे. ज्या लढाईत माणसे रोज मरत होती तिला टोचता येईल असे काहीतरी हवे होते. आतड्यातील वस्तीचा अभ्यास करीत बसण्यास उसंत कोणाला?

मेच्निकॉव्ह आतड्याकडे परतला तो वार्धक्याचा विचार करता करता, आणि येथे त्याची बुद्धी थोडी भरकटली असे म्हणावयास हरकत नाही. १९०३ च्या आपल्या ग्रंथात त्याने मोठे आतडे हा माणसाच्या देहातील एक निरुपयोगी, किंबहुना घातक, अवशेष ठरवला. तेथे जंतू अन्न कुजवतात, त्या कुजण्यातून विषे रक्तात भिनतात, आणि विषांनी दुबळ्या झालेल्या पेशींवर शरीराचेच शिपाई तुटून पडतात. ह्याचेच नाव म्हातारपण, असा त्याचा विचार. म्हणजे आतड्यातील जंतू आणि रोगप्रतिकारक पेशी ह्यांचा संबंध त्याला दिसला होता, पण उलट्या बाजूने. उपाय काय, तर आंबट दूध! १९०५ साली स्टामेन ग्रिगोरोव्ह ह्या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनिव्हात आपल्या देशाच्या दह्यातील एक जंतू ओळखून काढला होता. बल्गेरियात शंभरी गाठणारे शेतकरी पुष्कळ, ते दही खातात, सबब दह्याने आयुष्य वाढते, अशी ही मांडणी. मेच्निकॉव्ह स्वतः वर्षानुवर्षे आंबट दूध घेत असे. युरोप-अमेरिकेत दह्याच्या जंतूंच्या गोळ्यांचा बाजार मांडला गेला, आणि लंडनमध्ये अर्बथनॉट लेन ह्या शल्यवैद्याने बद्धकोष्ठाच्या रोग्यांची मोठी आतडीच कापून काढण्यास सुरुवात केली होती. मेच्निकॉव्ह १९१६ साली, एकाहत्तराव्या वर्षी, हृदयविकाराने वारला. ज्यांच्या घरात विरजण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे त्या आपल्यासारख्यांना ह्या साऱ्या उत्साहाची गंमत वाटते. दही-ताक उत्तम, ह्यात शंका नाही. परंतु बल्गेरियन जंतू माणसाच्या आतड्यात वस्ती करून राहत नाही, असे येल विद्यापीठातील लिओ रेटगर व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, आणि विद्वानांच्या दृष्टीने हा सगळाच विषय हास्यास्पद ठरला.

त्याला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली ती एका जुन्या वादातून. जंतूंवाचून प्राणी जगूच शकणार नाही, असे खुद्द पाश्चरने १८८५ साली म्हटले होते. मेच्निकॉव्हचे मत अर्थातच विरुद्ध. १८९५ साली बर्लिनमध्ये नट्टल आणि थीरफेल्डर ह्यांनी शस्त्रक्रियेने काढलेली गिनीपिगची पिले निर्जंतुक पेटीत, निर्जंतुक दुधावर, काही दिवस जगवली. पिढ्यामागून पिढ्या जगवणे साधले ते विसाव्या शतकाच्या मध्यास, मुख्यतः अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात जेम्स रेनियर्सने पोलादी टाक्यांत केलेल्या चिवट प्रयत्नांनी. १९५७ च्या सुमारास स्वस्त प्लास्टिकचे तंबू आले आणि असे उंदीर जगभर पाळता येऊ लागले. म्हणजे पाश्चरचे म्हणणे चुकले. जंतूंवाचून जगता येते. पण कसे? ह्या उंदरांचे अंधांत्र, म्हणजे मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेली पिशवी, फुगून प्रचंड होई. 'के' जीवनसत्त्व अन्नातून द्यावे लागे. आणि सर्वांत लक्षणीय गोष्ट ही की आतड्याच्या भिंतीत रोगप्रतिकारक पेशींची जी ठाणी असतात ती त्यांच्यात खुरटलेली राहत. आतड्याच्या अस्तरावर पाझरणारी प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशी अगदी तुरळक असत. त्याच उंदरांच्या पोटात साधे आतड्यातले जंतू सोडले की ही ठाणी भरू लागत. मेसिनाच्या समुद्रकाठी दिसलेल्या त्या शिपायांना कवायत शिकविणारे हेच जंतू होते. मेच्निकॉव्हने त्यांनाच शत्रू मानले होते.

शत्रूला जागा न देण्याचे कामही ते करतात. शिकागोत १९५४ साली मार्जोरी बॉनहॉफ आणि सहकाऱ्यांनी उंदरांना स्ट्रेप्टोमायसिन पाजून मग साल्मोनेला जंतू दिले. एरव्ही रोग जडण्यास लाखभर जंतू लागत; औषध घेतलेल्या उंदरांस दहाच्या आतलेही पुरू लागले. जुनी वस्ती उठवली की मोकळ्या जागेत कोणीही घुसते. माणसांतही हेच दिसले. प्रतिजैविकांच्या माऱ्यानंतर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू माजून जीवघेणे जुलाब लागतात. नेदरलंडमध्ये अशा रोग्यांच्या लहान आतड्यात नळीने निरोगी माणसाच्या मळाचे द्रावण सोडण्यात आले. किळस बाजूस ठेवून आकडे पाहावेत: २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या चाचणीत सोळांपैकी पंधरा रोगी बरे झाले, नेहमीच्या औषधावर तेरांपैकी चार. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण दुसऱ्या गटास ह्या उपायापासून वंचित ठेवणे योग्य नव्हते.

ही कवायत चालते कशी, हेही अंशतः उमगले आहे. कोंडा, डाळी, पालेभाज्या ह्यांतील जो भाग आपल्याला पचत नाही तो मोठ्या आतड्यातील जंतू आंबवतात व त्यातून ब्युटिरिक आम्लासारखी द्रव्ये तयार करतात. आतड्याच्या अस्तराचे पोषण त्यांवर होते. शिवाय प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या, म्हणजे शिपायांनी आपल्याच माणसांवर हत्यार चालवू नये हे पाहणाऱ्या, पेशी त्यांच्यामुळे वाढतात, असे २०१३ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. मोठे आतडे निरुपयोगी नव्हते तर!

आता पटकीकडे. २०१४ साली ढाक्याच्या रुग्णालयात पटकीतून उठणाऱ्या प्रौढांच्या आतड्यातील जंतूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते ज्या क्रमाने परतत होते तो क्रम त्याच प्रदेशातील निरोगी तान्ह्या मुलांच्या पोटात वस्ती होते त्या क्रमाशी मिळताजुळता होता. त्यांतील रुमिनोकॉकस ओबियम हा जंतू निर्जंतुक उंदरांत सोडला असता पटकीच्या जंतूला पाय रोवणे कठीण गेले. १८९४ चा निष्कर्ष तब्बल १२० वर्षांनी नावानिशी सिद्ध झाला.

ओडिशातील ग्रामीण भागात झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१७ साली आला. तो त्या राज्यात नेमणुकीवर असलेल्यांनी अवश्य माहीत करून घ्यावा. ४,५५६ नवजात बालकांपैकी निम्म्यांना आयुष्याच्या पहिल्या आठवड्यात सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटारम जंतू, त्याच्या खाद्यासह, तोंडाने देण्यात आला. रक्तात विष पसरून आजारी पडणारी वा दगावणारी बालके दुसऱ्या गटात शेकडा ९ होती, ह्या गटात ५.४. छातीचे विकारही घटले. ही मुले पूर्ण वा जवळजवळ पूर्ण दिवसांची, बऱ्या वजनाची व अंगावर पिणारी होती. अपुऱ्या दिवसांच्या मुलांविषयी ह्यावरून काही म्हणता येत नाही, दुकानातील गोळ्यांविषयी तर नाहीच. बल्गेरियन जंतू ज्या कसोटीस उतरला नव्हता ती मात्र येथे आधीच लावलेली होती: तान्ह्याच्या आतड्यात जो टिकून राहतो तोच जंतू ह्या कामी निवडला होता.