कीबोर्ड काउंटरच्या पलीकडे

२०२४ च्या जुलैमध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा तालुक्याच्या गावांमध्ये सेतू केंद्रांसमोर आणि झेरॉक्सच्या दुकानांसमोर रांगा लागल्या. रांगेतल्या कितीतरी बायकांकडे, नाहीतर सोबत आलेल्या मुलाकडे स्मार्टफोन होता. अर्जासाठी सरकारने मोबाइल ॲपही काढलं होतं. तरी रांग होतीच. २०१७ च्या पावसाळ्यात कर्जमाफीचे ऑनलाइन अर्ज भरताना हेच झालं होतं. शेतकरी नवरा-बायको जोडीने केंद्रावर जात आणि सर्व्हर चालू होण्याची वाट बघत रात्र काढत.

या केंद्रांमध्ये मला रांगेपेक्षा तिथली मांडणी जास्त खुपते. मध्ये काउंटर. पलीकडे एक मुलगा, त्याच्याकडे तोंड केलेला स्क्रीन आणि त्याच्याच हाताखाली कीबोर्ड. अलीकडे तुम्ही. तुम्ही नाव सांगता, जन्मतारीख सांगता, आधार नंबर सांगता, मग "ओटीपी आला का? सांगा" असं म्हटलं की तोही सांगता. तो टाइप करतो. त्याने काय टाइप केलं ते तुम्हाला प्रिंट हातात पडल्यावर कळतं. महाराष्ट्रातल्या असंख्य लोकांचा सरकारी इंटरनेटशी येणारा संबंध हा एवढाच आहे.

आपल्याला हे इतकं सवयीचं झालंय की यात काही वेगळं असू शकतं, असं मनातही येत नाही. पण जगात बऱ्याच ठिकाणी ज्याच्याकडे संगणक नाही तो गावातल्या ग्रंथालयात जातो, खुर्चीवर बसतो आणि स्वतः टाइप करतो. आणि ग्रंथालयं आपल्याकडे काही कमी नव्हती. मग संगणक तिथे का गेला नाही?

आकडे बघा. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय तर १८२८ चं. १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये कायदा झाला, पुढच्या वर्षी १ मेपासून लागू झाला, आणि गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीने अनुदान मिळू लागलं. एक मात्र ध्यानात ठेवायला हवं. तेव्हाच्या मद्रास राज्याने १९४८ च्याच कायद्यात ग्रंथालय कर बसवला होता, त्यामुळे तिथे ग्रंथालयांना स्वतःचा ठरलेला पैसा होता. आपण तो कर बसवला नाही. आपली ग्रंथालयं ही गावातल्या मंडळींनी काढलेल्या संस्थांची. वर्गणी, अनामत, एखादी देणगी आणि सरकारचं अनुदान यांवर ती चालतात. मागच्या दशकात ड वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला ३० हजार रुपये मिळत होते. महिन्याला अडीच हजार. त्यातला निम्मा वाटा ग्रंथपालाच्या पगाराचा. उरलेल्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, भाडं, वीजबिल. यात संगणक कुठे बसवणार?

आता अमेरिकेचं उदाहरण घेते, कारण सार्वजनिक संगणक ग्रंथालयात नेण्याचा सगळ्यात मोठा प्रयोग तिथे झाला आणि त्याच्या नोंदीही भरपूर आहेत. तिथेही १९९४ साली पाचातल्या जेमतेम एका सार्वजनिक ग्रंथालयात इंटरनेट होतं. २००० साल उजाडेपर्यंत ते जवळजवळ सगळीकडे पोचलं. हे आपोआप झालं नाही. १९९६ च्या दूरसंचार कायद्यात अशी तरतूद झाली की शाळा आणि ग्रंथालयांना जोडणीच्या खर्चात २० ते ९० टक्के सवलत मिळेल, आणि जितका भाग गरीब तितकी सवलत जास्त. पुढच्या वर्षी बिल आणि मेलिंडा गेट्स यांनी ग्रंथालयांसाठी वेगळी संस्था काढली. २००३ पर्यंत या कार्यक्रमातून सुमारे ११ हजार ग्रंथालयांमध्ये ४७ हजारांच्या आसपास संगणक बसले. त्याच्या शंभरेक वर्षं आधी अँड्र्यू कार्नेगीच्या पैशांतून अमेरिकेत १,६७९ ग्रंथालयांच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. एका श्रीमंताने भिंती दिल्या, दुसऱ्याने त्यांच्या आत पडदे आणले.

यात गेट्स यांचा स्वार्थ नव्हता असं मी म्हणणार नाही. गावातला पोरगा पहिल्यांदा संगणकाला हात लावणार तो विंडोजच्याच संगणकाला, हे तेव्हाही टीकाकारांनी बोलून दाखवलं होतं. पण खुर्ची मात्र लोकांची झाली. नाव लिहायचं, आपला नंबर आला की अर्धा-एक तास बसायचं, अडलं तर ग्रंथपालाला हाक मारायची. ग्रंथपाल शेजारी उभी राहून दाखवते, टाइप तुम्हीच करता. त्या खुर्चीवरून तिथे भांडणंही झाली. अश्लील संकेतस्थळं अडवणारी चाळणी ग्रंथालयांनी लावावी की नाही, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि केंद्राचा पैसा घेणाऱ्या ग्रंथालयांना ती लावावी लागेल, असा निकाल २००३ मध्ये लागला. लोक एखाद्या जागेवरून कोर्टात भांडतात, तेव्हा ती जागा त्यांना आपली वाटत असते. २००९ मध्ये केलेल्या एका देशव्यापी पाहणीत दिसलं, की चौदा वर्षांवरच्या अमेरिकनांपैकी जवळपास एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ७ कोटी ७० लाख लोकांनी वर्षभरात ग्रंथालयातला संगणक किंवा इंटरनेट वापरलं होतं. ते मंदीचं वर्ष होतं, त्यामुळे नोकरीचे अर्ज भरणारे त्यात भरपूर होते.

"त्यांच्याकडे पैसा आहे" हे उत्तर अर्धंच खरं आहे. ब्रिटनने चार हजारांहून जास्त ग्रंथालयांत संगणक बसवले ते राष्ट्रीय लॉटरीच्या पैशांतून. आपल्याकडे लॉटरीचा पैसा कुठे जातो यावर वेगळा लेख होईल, तो राहू दे. चिलीसारख्या, अमेरिकेच्या तुलनेत बेताच्या देशानेही २००२ पासून साडेतीनशेहून अधिक सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं उभारून लोकांना संगणक खुले केले. त्यातही गेट्स यांच्या संस्थेचा पैसा होता, पण ती यंत्रं ठेवायला जागा म्हणून ग्रंथालयच निवडलं गेलं.

आपण वेगळी जागा निवडली. आणि ती निवड इंटरनेट यायच्या आधीच झाली होती असं मला वाटतं. पिवळ्या पाटीचं एसटीडी-पीसीओ तुमच्यापैकी कित्येकांनी फक्त जुन्या सिनेमात पाहिलं असेल. ऐंशीच्या दशकात सॅम पित्रोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखलं, की घरोघरी फोन देणं लवकर जमणार नाही. मग गल्लीतल्या दुकानदाराला फोन द्यायचा, कमिशन द्यायचं. सरकारला पगार नको, इमारत नको, आणि लोकांना रात्री अकरालाही फोन करता येतो. कल्पना झकासच होती आणि चाललीही. तेव्हापासून सरकारच्या डोक्यात एक साचा पक्का बसला : लोकांपर्यंत यंत्र न्यायचं तर दुकानदारामार्फत न्यायचं.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. विद्यार्थ्यांचं खातं ५०० रुपयांचं होतं, पण त्यात पडद्यावर नुसती अक्षरं दिसत, चित्रं नाहीत. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि मग पीसीओचेच मालक बाजूला प्लायवूडचे खोके ठोकून सायबर कॅफे चालवू लागले. आमच्या गावात तासाला वीस रुपये होते. आत पंखा, खोक्याला पडदा, आणि बाहेरच्या बाकावर नंबर लावून बसलेली पोरं. पोरंच. मुलगी तिथे एकटी गेली तर संध्याकाळपर्यंत घरी कळायचं. मी दहावीचा निकाल बघायला गेले ती भावाला घेऊन, आणि नंबर त्यानेच टाकला. त्याच गावातल्या वाचनालयात मात्र मी एकटी, रोज, कुणालाही न सांगता जात असे. वाचनालय ही मुलींना न विचारता जाता येणारी जागा होती. संगणक तिथे असता, तर किती मुलींचे हात दहा वर्षं आधी कीबोर्डवर पडले असते, हा हिशोब कुणी केलेला नाही.

पुढे २०११ मध्ये केंद्राने सायबर कॅफेंसाठी नियम काढले. ओळखपत्र बघा, नोंद वर्षभर जपा, खोक्याची भिंत साडेचार फुटांहून उंच नको, उघड्यावरच्या संगणकाचा पडदा बाहेरच्या बाजूला हवा. बसणाऱ्याकडे संशयाने बघणारे हे नियम होते. तरी एवढं मान्य करायला हवं, की पीसीओत रिसीव्हर तुमच्या हातात असायचा आणि कॅफेत कीबोर्डही तुमच्या हातात असायचा. पैसे पडत, पण हात तुमचे असत.

तो काउंटर ओलांडून पलीकडे गेला तो २००६ नंतर. त्या वर्षी केंद्र सरकारने देशभरात एक लाख सामायिक सेवा केंद्रांची योजना मंजूर केली. आपल्याकडे त्यातून आणि राज्याच्या योजनांतून महा ई-सेवा, संग्राम, आपले सरकार अशी वेगवेगळ्या नावांची केंद्रं आली. दाखले तहसीलच्या खिडकीवरून निघाले आणि केंद्रावर आले, ही सोय खरीच होती. केंद्रचालकाला मी खलनायक करत नाही. दाखल्यामागे थोडे पैसे, भारनियमन, बंद सर्व्हर आणि लोकांच्या शिव्या असा त्याचा दिवस असतो, आणि पुष्कळदा अख्ख्या बाजारपेठेत नीट बोलणारा माणूस तोच असतो. पण योजनेत नागरिकाला बसायला खुर्ची नव्हती. त्याने सेवा घ्यायची होती, यंत्र वापरायचं नव्हतं.

वारणेची गोष्ट इथे सांगायला हवी. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा सहकारी पट्ट्यातल्या सत्तर गावांत संगणक बसवण्याचा प्रकल्प सुरू झाला. शेती, बाजारभाव, शिक्षण, सगळंच त्यातून मिळणार होतं. प्रत्यक्षात त्या संगणकांवर मुख्यतः उसाचा हिशोब चालला : किती टन गेला, बिल किती, खत किती उचललं. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी सात गावांत त्या संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवून बघितला. शेतकऱ्याने एसएमएस करायचा, टनाचा आकडा परत येणार. तेवढ्या कामाला तो पुरेसा ठरला. फोन आल्यावर सार्वजनिक संगणकाची गरज संपली, असं म्हणणारे हाच दाखला देऊ शकतील. पण शेतकऱ्याला तिथे आकडा फक्त वाचायचा होता. कोरा अर्ज भरायचा नव्हता.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, कॅफे बंद पडले. तरी अर्जाची रांग का? तुम्ही स्वतः फोनवरून एखाद्या भरतीचा अर्ज भरून बघितला असेल तर कारण माहीत आहे. फोटो पन्नास केबीच्या आत, सही वीस केबीच्या आत, तीन दाखल्यांची एकच पीडीएफ, पान मोठ्या पडद्यासाठी बनवलेलं, मध्येच फोन आला की सेशन संपतं, आणि शेवटी प्रिंट लागतेच. माझ्या एका मैत्रिणीचा शिष्यवृत्तीचा अर्ज एका दुकानात भरला गेला. तिचा ईमेल नव्हता म्हणून चालवणाऱ्याने स्वतःचा टाकला, मोबाइल नंबरही स्वतःचाच. वर्षभराने नूतनीकरणाच्या वेळी पासवर्ड त्याच्याकडे, ओटीपी त्याच्याकडे, आणि दुकानाला कुलूप. त्याने फसवलं नव्हतं. दिवसाला साठ अर्ज भरताना हाच मार्ग त्याला सोपा होता.

ग्रंथालयांची आठवण सरकारला झालीच नाही असं नाही. २००५ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय ज्ञान आयोगाने ग्रंथालयांसाठी वेगळ्या शिफारशी केल्या, आणि गंमत म्हणजे आयोगाचे अध्यक्ष सॅम पित्रोदाच होते. त्यातून २०१४ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालय अभियान सुरू झालं. पण त्यातली इंटरनेट जोडणीची योजना आखली गेली ती ६२९ जिल्हा ग्रंथालयांसाठी. ड वर्गाच्या वाचनालयापासून जिल्ह्याचं ठिकाण पन्नास-साठ किलोमीटरवर असतं. एसटीच्या भाड्यात सेतूवाल्याचा अर्ज भरून होतो.

हल्ली मी कुठल्याही गावाला गेले की वाचनालयात डोकावते. संगणक असतो. ग्रंथपालांच्या टेबलावर, बरेचदा कापड घातलेला. त्यावर दाखल नोंदवही असते, अनुदानाचे अहवाल जातात. "वाचकांना देता का?" विचारलं की उत्तरं साधारण सारखी येतात : बिघडला तर दुरुस्ती कोण देणार, कुणी भलतं काही उघडलं तर जबाबदारी कुणाची, तपासणीला आलेले साहेब हे विचारतच नाहीत. शेजारच्या अभ्यासिकेत चाळीस मुलं-मुली स्पर्धा परीक्षांची पुस्तकं घेऊन बसलेली असतात, आणि अर्जाची तारीख जाहीर झाली की तीच रस्त्यापलीकडच्या दुकानात जातात.

एका ब वर्गाच्या ग्रंथालयात मात्र ग्रंथपालबाई संध्याकाळी पाचनंतर आपली खुर्ची सोडतात आणि मुलींना बसवतात. पहिली अट, प्रत्येकीने आधी स्वतःचा ईमेल काढायचा. प्रिंटचे पानाला पाच रुपये घेतात आणि पावती देतात. ते पैसे जमाखर्चात कुठल्या सदरात दाखवता, असं मी विचारलं. तसं सदरच नाही म्हणाल्या, म्हणून रद्दीविक्रीच्या खाली 'इतर जमा' लिहितात.