परभक्षी कोळी : हरितगृहातील फुलकिड्यांचा प्रतिबंध

परभक्षी कोळी हे अष्टपाद वर्गातील, जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचे प्राणी. हरितगृहातील ढोबळी मिरची, काकडी आणि फुलपिकांवर फुलकिड्यांविरुद्ध मुख्यतः निओसीयूलस कुकुमेरिस आणि अँब्लिसीयस स्विर्स्की या दोन जाती सोडतात. कीड दिसली की फवारायच्या औषधाला पर्याय म्हणून त्यांच्याकडे पाहिले, तर निराशा पदरी येते. ते खातात ती मुख्यतः फुलकिड्याची पहिल्या अवस्थेतील पिल्ले. मादी अंडी पानाच्या पेशींत घालते, कोष बहुधा मातीत असतो आणि प्रौढ कीड कळीच्या सांदीत दडते. यांतले काहीच कोळ्याच्या फारसे हाती लागत नाही. पिल्लू त्याला मारता येईल इतके लहान असते ते थोडेच दिवस. त्या दिवसांत कोळी पानावर आधीपासून असेल तरच उपयोग. उशीर झाला तर पाने मोठ्या पिल्लांनी भरतात आणि फुलकिडे उलट कोळ्याचीच अंडी फोडून खातात.

पण भक्ष्य येण्याआधी भक्षकाने जगायचे कशावर? या पद्धतीचे सारे यश या प्रश्नाच्या उत्तरात आहे. हे कोळी परागकणांवर जगतात आणि वाढतातही. ढोबळी मिरचीच्या फुलांत पराग भरपूर असतो, म्हणून पहिली फुले उमलताच कोळी सोडले की ते पिकात ठाण मांडतात. हरितगृहातील बिनबियांच्या काकडीला नरफुले जवळपास येतच नाहीत; तिथे झाडांवर छोट्या पुड्या टांगतात. पुडीत कोंडा, त्यावर जगणारे निरुपद्रवी कोळी आणि त्यांना खाऊन वाढणारे परभक्षी असतात. ते काही आठवडे थोडेथोडे बाहेर पडत राहतात. काही ठिकाणी पाणकणसाचा परागही पिकावर भुरभुरतात.

यावर आक्षेप येतो तो असा, की आयते खाणे मिळाल्यावर कोळी शिकार का करील? पहिल्या काही दिवसांपुरता तो खराही ठरू शकतो. पण पिकाचे भवितव्य एका कोळ्याच्या भुकेवर नव्हे, तर कोळ्यांच्या संख्येवर ठरते. नेदरलँड्समध्ये काकडीवर झालेल्या प्रयोगांत फुलकिडे आणि पांढरी माशी या दोन्ही किडी एकत्र असताना स्विर्स्कीची संख्या कितीतरी अधिक वाढली आणि पांढऱ्या माशीचे नियंत्रण एकटी माशी असतानापेक्षा चांगले झाले. म्हणजे वाढीव अन्नाने शिकारी सुस्तावला नाही, त्याची फौज वाढली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. टोमॅटो स्पॉटेड विल्ट हा विषाणू फुलकिडे पसरवतात आणि बाहेरून उडत आलेली विषाणूवाहक प्रौढ कीड कोळी थांबवू शकत नाहीत. त्यासाठी बारीक छिद्रांची जाळी लागते, आणि प्रौढांनाही खाणारा ओरियस ढेकूण. मात्र विषाणू अंगी घेतला जातो तो पिल्लाच्या वयातच. प्रौढपणी तो घेतला तरी पसरवता येत नाही. त्यामुळे कोवळी पिल्ले खाणारा कोळी हरितगृहात नवे वाहक तयार होण्याची साखळी तोडतो, आणि हे काम फवारणीपेक्षा मोलाचे आहे.

व्यवहारातला सर्वांत ठोस पुरावा स्पेनमधील आल्मेरियाचा. मूळचा पश्चिम उत्तर अमेरिकेतला पाश्चात्त्य फुलकिडा 1980च्या दशकात युरोपभर पसरला आणि अनेक कीटकनाशकांना दाद देईनासा झाला. 2006च्या अखेरीस आल्मेरियाच्या मिरचीत आयसोफेनफॉस-मिथाइल या बंदी असलेल्या औषधाचे अंश जर्मनीत सापडले आणि ग्राहक दुरावण्याची वेळ आली. उष्णता सोसणारा स्विर्स्की 2005पासून बाजारात होता. पुढच्या दोन-तीन हंगामांत तिथली बहुतेक मिरची त्याच्या आणि ओरियसच्या भरवशावर गेली. बदलाला भाग पाडले बाजाराने, हे खरे. पण अवशेषांचा गवगवा शमल्यावरही शेतकरी जुन्या फवारणीकडे परतले नाहीत, हे त्याहून महत्त्वाचे. टोमॅटोत मात्र कोळ्यांचा असा जम बसला नाही. त्याच्या खोडापानांवरील चिकट केसांत हे कोळी अडकतात, आणि तिथे स्विर्स्की सोडणे म्हणजे पैसा वाया घालवणे.