लाल खिडकीची कुळकथा

वारशाने आलेला जुना कॅमेरा ओळखताना प्रथम त्याच्या दर्शनी बाजूवरील नाव वाचले जाते. परंतु तो कोणत्या परंपरेतला आहे आणि त्याने आजही छायाचित्र काढता येईल काय, या प्रश्नांचे उत्तर अनेकदा मागच्या झाकणावर सापडते. तेथे लाल रंगाची लहानशी पारदर्शक खिडकी असेल, तर तो कॅमेरा रोल-फिल्मचा, म्हणजे काळ्या कागदाच्या अस्तरासह फिरकीवर गुंडाळलेल्या फिल्मचा आहे, असे समजावे.

ही खिडकी दोन अडचणींतून जन्मली. जॉर्ज ईस्टमनचा 1888 चा पहिला कोडॅक शंभर चित्रांची गुंडाळी घेऊन येत असे. मात्र ही गुंडाळी अंधारातच बदलावी लागत असल्याने सर्व चित्रे टिपून झाल्यावर ग्राहक संपूर्ण कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्याकडे पाठवीत. शिवाय प्रत्येक चित्रानंतर फिल्म किती पुढे सरकवावी, हे सांगणारी यंत्रणा वेगळी बसवावी लागे. बोस्टनच्या सॅम्युएल टर्नरने 1892 मध्ये ‘बुल्स-आय’ या कॅमेऱ्यात दोन्ही अडचणी एकाच कागदाने सोडवल्या. फिल्मच्या पाठीशी लावलेला काळा कागद दोन्ही टोकांना तिच्याहून लांब असल्याने गुंडाळी उजेडातही भरता वा काढता येऊ लागली, आणि कागदाच्या बाहेरच्या बाजूवर छापलेले आकडे खिडकीतून दिसत असल्याने पुढचे चित्र कोठे सुरू होते ते कळू लागले. या कल्पनेचे मोल ओळखून ईस्टमनने 1895 मध्ये टर्नरची कंपनीच विकत घेतली.

खिडकी लालच का, याचे कारण तत्कालीन फिल्मच्या स्वभावात होते. ती निळ्या व फार तर हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देई, लाल प्रकाश तिला जवळजवळ जाणवत नसे; त्यामुळे लाल काचेतून आत झिरपणारा उजेड निरुपद्रवी ठरे. पुढे सर्व रंगांना संवेदनशील अशी ‘पँक्रोमॅटिक’ फिल्म रूढ झाली, तेव्हा हे संरक्षण अपुरे पडले आणि अनेक कॅमेऱ्यांत खिडकीवर सरकते झाकण आले. म्हणूनच झाकण नसलेल्या कॅमेऱ्यात आजची फिल्म वापरताना खिडकीवर काळी चिकटपट्टी लावून ठेवणे आणि फिल्म पुढे सरकवताना सावलीतच ती क्षणभर उचलणे श्रेयस्कर असते.

या कुळातील सर्वांत दीर्घायुषी वारस म्हणजे 1901 मध्ये ‘नंबर 2 ब्राउनी’ या खोक्याच्या आकाराच्या स्वस्त कॅमेऱ्यासाठी निघालेली, पुढे 120 या क्रमांकाने ओळखली गेलेली फिल्म. सुमारे सहा सेंटिमीटर रुंदीच्या या फिल्मवरील चित्राचा मूळ आकार 6 × 9 सेंटिमीटर; अशी आठ चित्रे तिच्यावर येतात. पुढे त्याच कागदावर 6 × 6 च्या बारा आणि 6 × 4.5 च्या सोळा चित्रांसाठी आकड्यांच्या निराळ्या ओळी छापल्या जाऊ लागल्या. खिडकी कोणत्या ओळीसमोर आहे, यावरून कॅमेऱ्याच्या चित्राचा आकार ठरतो. काही कॅमेऱ्यांत दोन खिडक्या असतात. तेथे आठांच्या ओळीतील प्रत्येक आकडा आधी एका आणि मग दुसऱ्या खिडकीत आणून सोळा चित्रे घेतली जात. भारतातील अनेक घरांत असलेला, बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तयार झालेला अ‍ॅग्फा क्लिक-3 हाही 120 च्याच वंशातला. त्यावर बारा चौरस चित्रे येतात.

येथे एका भावकीची गफलत टाळावी लागते. कोडॅकने 1930 च्या दशकाच्या आरंभी काढलेली 620 फिल्म रुंदीने व लांबीने 120 सारखीच असली, तरी तिच्या फिरकीचा दांडा बारीक आणि कडेच्या चकत्या लहान असतात. 620 चे उत्पादन 1995 मध्ये थांबले, तर 120 आजही तयार होते. त्यामुळे 620 च्या कॅमेऱ्यासाठी 120 ची फिल्म पूर्ण अंधारात 620 च्या फिरकीवर गुंडाळून घ्यावी लागते.

वापरापूर्वी झाकण उघडण्याची घाई करू नये. खिडकीत आकडा दिसत असेल, तर आत फिल्म आहे, आणि अनेक दशकांपूर्वी टिपलेली चित्रे ती धुतल्यावर उमटण्याची शक्यता शिल्लक असते. म्हणून उरलेली फिल्म आधी शेवटपर्यंत गुंडाळून घ्यावी. आत रिकामी फिरकी सापडली, तर तीही टाकू नये. नवी फिल्म ओढून घेण्यासाठी समोरच्या कप्प्यात रिकामी फिरकी लागतेच, आणि 620 च्या बाबतीत ती हरवली, तर धडधाकट कॅमेराही निरुपयोगी ठरू शकतो.