मजकूर-चौकट

मजकूर-चौकट : वर्ड प्रोसेसरमध्ये पानावरील मुख्य मजकुराच्या ओघापासून अलग काढलेला, स्वतःची रुंदी, उंची, कडा व समास असलेला आणि ज्याच्या पोटात मजकूर, तक्ता वा चित्र स्वतंत्रपणे बसविता येते असा आयताकृती भाग. बोलण्यात त्यास ‘फ्रेम’ असेच म्हणतात. लिबरऑफिस रायटरमध्ये फ्रेम आणि टेक्स्ट बॉक्स या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. टेक्स्ट बॉक्स ही मूलतः चित्राकृती असल्याने हव्या त्या कोनात फिरविता येते. फ्रेम पानाच्या कडांशी समांतर राहते, परंतु तिच्यात रकाने पाडता येतात आणि एका चौकटीत न मावलेला मजकूर दुसरीत वाहून नेण्यासाठी चौकटींची साखळीही जोडता येते. साखळीतील पुढची चौकट मात्र रिकामी असावी लागते व ती आधीच अन्य साखळीत गुंतलेली असून चालत नाही.

कडेची रेघ, तिची जाडी, पार्श्वभूमीचा रंग आणि रेघ व अक्षरे यांमधील अंतर ही चौकटीची दर्शनी अंगे होत. नवशिका कारकून आपला बहुतेक वेळ त्यांवरच खर्च करतो. चौकटीचे खरे भवितव्य ज्यावर अवलंबून असते ती गोष्ट मात्र छापील पानावर दिसतच नाही. ती म्हणजे अँकर, अर्थात चौकट कशास बांधली आहे याचा निर्णय. रायटरमध्ये ती पानास, परिच्छेदास अथवा अक्षरास बांधता येते, किंवा ओळीतील एखाद्या अक्षराप्रमाणेच वागविता येते.

या निर्णयाचे महत्त्व चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील वनहक्कांच्या दफ्तराच्या उदाहरणाने चांगले समजते. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम २००६ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम १ जानेवारी २००८ रोजी प्रसिद्ध झाले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये, म्हणजे देशात अगदी प्रारंभीच, १,८०९.६१ हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळाला. पुढे नियमांच्या २०१२ च्या दुरुस्तीने सामूहिक वनसंपत्तीच्या हक्कपत्रासाठी स्वतंत्र नमुना आला, ज्यात परंपरागत सीमा, ठळक खुणा आणि वनविभागाचे कक्ष क्रमांक यांसह चतुःसीमेचे वर्णन द्यावे लागते. आता अशा हक्कांविषयीचे अनेक गावांचे ठराव एकाच दस्तऐवजात ओळीने ठेवलेले आहेत, प्रत्येक ठरावाशेजारी त्या गावाची चतुःसीमा व क्षेत्रफळ एका चौकटीत दिले आहे आणि त्या चौकटी पानास बांधलेल्या आहेत, असे समजू. पहिल्या ठरावात ओढे, टेकड्या व देवस्थाने यांच्या नावांची भर पडून चार ओळी वाढल्या की पुढचा मजकूर खालच्या पानावर सरकतो, चौकटी मात्र जागच्या जागी राहतात. परिणामी एका गावाचे क्षेत्रफळ, आकडा तसूभरही न बदलता, दुसऱ्या गावाच्या ठरावाशेजारी जाऊन बसते. असला दोष मुद्रितशोधकासही सहसा सापडत नाही, कारण तो अक्षरे तपासतो आणि अक्षरे तर निर्दोषच असतात. अशा ठिकाणी चौकट त्या त्या ठरावाच्या परिच्छेदासच बांधली पाहिजे.

पानास बांधणे सर्वत्र त्याज्य आहे असे मात्र नव्हे. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत मेंढ्याच्या ग्रामसभेस बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक देण्यात आले; अशा परवान्यांचेच उदाहरण घेऊ. स्थळप्रत व मूळ प्रत शेजारीशेजारी छापून मधोमध फाडण्याची रेषा आखायची, अशा धाटणीच्या परवान्यात मजकूर वाहतच नाही आणि प्रत्येक घर ठरल्या जागी यावे लागते; तेथे पानाचेच बंधन योग्य. ओळीत येणाऱ्या लहानशा अनुक्रमांकाच्या घरासाठी अक्षराप्रमाणे वागणारी चौकट सोयीची.

चौकटीभोवती मुख्य मजकूर कसा वळावा हा पुढचा प्रश्न. खिळे जुळविण्याच्या काळी चित्राचा ठसा रकान्यात आला की जुळारी त्याच्या कडेच्या ओळी हाताने आखूड करी. आज तेच काम आज्ञेने होते. मजकूर दोन्ही बाजूंनी, एकाच बाजूने, आरपार, किंवा केवळ वर व खाली ठेवता येतो. रायटरच्या स्वयंचलित पर्यायात चौकट व समास यांमध्ये दोन सेंटिमीटरांहून कमी जागा उरल्यास त्या बाजूस मजकूर वळविला जात नाही. मराठीसाठी ही मर्यादा तोकडीच म्हणावी लागेल. ‘उपविभागस्तरीय’ यासारखा शब्द अरुंद पट्टीत आला आणि ओळी दोन्ही कडांना जुळविल्या असल्या, की शब्दांमध्ये भगदाडे पडतात.

उंचीबाबतही देवनागरीचा स्वभाव ध्यानी घ्यावा लागतो. ओळींमधील अंतर ठरावीक मापाचे ठेवल्यास वरचे रफार व खालचे उकार छाटले जातात, आणि चौकटीची उंची गोठविली असल्यास न मावलेल्या ओळी मुकाट्याने दिसेनाशा होतात. जुन्या फाँटांतील मसुदा युनिकोडमध्ये आणताना शब्दांची रुंदी बदलते, तेव्हा तर हमखास. म्हणून उंची मजकुराबरोबर आपोआप वाढू देणे इष्ट.

चौकटीचा मजकूर, जागा व आकार यांना संरक्षण देण्याची सोयही रायटरमध्ये आहे. परंतु तिला परवलीचा शब्द लागत नसल्याने तिचा उपयोग चुकून हात लागू नये एवढ्यापुरताच. हक्कपत्राखाली जिल्हा आदिवासी कल्याण अधिकारी, उपवनसंरक्षक व जिल्हाधिकारी यांच्या सह्यांसाठी तीन सुट्या चौकटी मांडण्याचा मोह मात्र टाळावा. तेथे कडा नसलेला तीन घरांचा एकच तक्ता पुरतो, आणि त्याच्या आधीचा परिच्छेद ‘पुढील परिच्छेदासोबत ठेवा’ या खुणेने बांधला, की सह्या मजकुरावाचून कोऱ्या पानावर जाऊन पडत नाहीत.