प्रेमकथा, श्रद्धा आणि घरखर्च

१/ नायक-नायिकेचे प्रेम आणि त्यांची ख्रिस्ती श्रद्धा यांची गुंफण करणाऱ्या कादंबऱ्यांना अमेरिकेत ‘इन्स्पिरेशनल रोमान्स’ म्हणतात. या परंपरेच्या आरंभीच्या लेखिकांत ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल (१८६५–१९४७) यांचे स्थान अग्रणी आहे. त्यांच्या लेखनामागचे अर्थकारण पाहू.

२/ लेखनाचा वारसा घरचाच. वडील प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक, आई लेखिका. मावशी इझाबेला ऑल्डन ‘पॅन्सी’ या टोपणनावाने ख्यातनाम.

३/ पहिले पुस्तक ‘अ शटॉक्वा आयडिल’ (१८८७). कुटुंब तेव्हा फ्लोरिडात राहत होते. न्यूयॉर्क राज्यातील शटॉक्वाच्या उन्हाळी ज्ञानसत्राला जायचे, तर प्रवासखर्च हवा. त्यासाठी हे पुस्तक लिहिले गेले.

४/ १८९९ मध्ये पती फ्रँक हिल यांचे निधन झाले. पदरी दोन लहान मुली. पाठोपाठ वडीलही गेले. आता लेखणीवरच चूल पेटायची होती.

५/ १९०८ मध्ये ‘मार्शा शायलर’ ही कादंबरी आली. ऐन लग्नाच्या वेळी थोरली बहीण दुसऱ्यासोबत पळून जाते आणि तिच्या जागी धाकटी मार्शा बोहल्यावर उभी राहते. वाचकांनी ती उचलून धरली.

६/ पुढे त्यांच्या पुस्तकांची संख्या शंभरावर गेली. अपूर्ण राहिलेली ‘मेरी आर्डन’ कन्या रूथ यांनी पूर्ण केली. ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली.

७/ अशा कादंबऱ्यांना ‘हलके वाचन’ म्हणून समीक्षा बाजूला सारते. इतिहासाच्या अभ्यासकाला ते परवडणारे नाही. स्त्रियांना मतदानाचा राष्ट्रव्यापी हक्कही नसलेल्या काळात एका विधवेने शब्दांच्या बळावर संसार उभा केला, याचा तो लेखी पुरावा आहे.