अर्ज आणि फर्मान : असदुल्ला अलम यांची रोजनिशी

फारसी दरबाराची भाषा मराठी वाचकाला सर्वस्वी परकी नाही. 'पेशवा', 'वजीर', 'फडणीस', 'अर्ज', 'फर्मान' हे शब्द आपण कित्येक पिढ्या वापरत आलो आहोत, आणि पेशवेकालीन पत्रे वाचणाऱ्याला त्यांचे वजनही ठाऊक असते. इराणचे दरबारमंत्री अमीर असदुल्ला अलम यांच्या रोजनिशीचे मूळ शीर्षक 'याददाश्तहा-ये अलम' असे आहे. त्यातील 'याद' आणि आपली 'यादी' ही एकाच घरची भावंडे. या रोजनिशीत अलम शाहाला काही 'म्हणत' नाहीत, ते 'अर्ज' करतात. आणि शाहा 'बोलत' नाही, तो 'फर्मावतो'. 1991 साली निघालेल्या इंग्रजी संक्षेपात ही क्रियापदे सपाट होऊन जातात. मराठीत कुणी हा ग्रंथ आणला तर ती जशीच्या तशी ठेवता येतील, आणि आमच्या मते या ग्रंथाचा अर्धा अर्थ त्या क्रियापदांतच आहे.

अलम यांचा जन्म 1919 सालचा, पूर्व इराणातील बीरजंदचा. त्यांचे वडील इब्राहीम खान, म्हणजेच शौकत-उल्-मुल्क, हे काइनात प्रांताचे वंशपरंपरागत अमीर. मुहम्मद रझा पहलवी हाही 1919 मध्येच जन्मलेला; म्हणजे स्वामी आणि सेवक एकाच वर्षाचे. फरक असा की पहलवी घराणे तख्तावर आले 1925 साली, तर अलम घराण्याची सत्ता त्याहून कितीतरी जुनी. ज्याच्यापुढे मान लवायची तो आपल्यापेक्षा नवखा खानदानी आहे, ही जाणीव अलम यांच्या मनाच्या तळाशी असावी असे आम्हांस वाटते, पण ती त्यांनी कधी वर येऊ दिली नाही. शिराझच्या कवाम घराण्यातील मलिकताज यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मलिकताज यांचे बंधू हे शाहाची जुळी बहीण अशरफ हिचे पहिले पती. दरबाराचे दार असे सोयरिकीतूनही उघडले.

कारकीर्द वेगाने चढली. ऐन विशी-तिशीत सीस्तान-बलुचिस्तानची सुभेदारी, मग मंत्रिपदे. 1957 मध्ये शाहाच्या इच्छेने देशात दोन पक्ष निघाले, त्यांतल्या विरोधी 'मर्दुम' पक्षाचे नेतृत्व अलम यांच्याकडे आले. राजाच्याच जिवलग मित्राने विरोधी पक्ष चालवायचा, ही कल्पना तेहरानच्या लोकांना हसू आणणारी होती. एक पक्ष 'हो'वाल्यांचा आणि दुसरा 'हो जी'वाल्यांचा, अशी थट्टा तेव्हा चाले.

जुलै 1962 मध्ये ते पंतप्रधान झाले. त्याच वर्षी प्रांतिक मंडळांच्या निवडणुकीत स्त्रियांना मताधिकार देणारा आणि शपथेतील कुराणाचा आग्रह सैल करणारा निर्णय सरकारने काढला, आणि धर्मगुरूंच्या विरोधापुढे तो मागे घ्यावा लागला. पुढे 26 जानेवारी 1963 रोजी 'श्वेत क्रांती'वर सार्वमत झाले. तिचे पहिले कलम जमीन सुधारणेचे. बड्या जमीनदारांचा वारस जमीनदारी मोडणाऱ्या सरकारचा प्रमुख, हा विरोधाभास लक्षात ठेवण्याजोगा आहे. 5 जून 1963 रोजी, खोमेनींच्या अटकेनंतर, लोक रस्त्यावर आले आणि सैन्याने गोळीबार केला. मृतांच्या संख्येबद्दल आजही एकमत नाही. त्या दिवशी शाहा डळमळला आणि कठोर निर्णयाचा भार आपण उचलला, ही गोष्ट अलम पुढे अभिमानाने सांगत. निष्ठेची ही त्यांची कल्पना: पाप आपल्या पदरी घ्यायचे, पुण्य स्वामींचे. गोळ्या ज्यांना लागल्या त्यांचा या हिशोबात कुठे उल्लेख नाही, आणि तो नसणे आम्हांस खटकते.

मार्च 1964 मध्ये पंतप्रधानपद गेले. काही काळ ते शिराझच्या पहलवी विद्यापीठाचे प्रमुख होते. मग 1966 अखेर दरबारमंत्रिपद आले, आणि ते 1977 पर्यंत टिकले. पंतप्रधान हुवैदा कारभार पाहत. पण ब्रिटिश आणि अमेरिकी राजदूतांशी नाजूक बोलणी, तेलाच्या किमती, शस्त्रखरेदी, 1971 मधील पर्सेपोलिसचा अडीच हजार वर्षांचा सोहळा, आणि शाहाच्या खाजगी मौजमजेची व्यवस्थाही अलम यांच्या हातून जाई. हे सारे ते घरी येऊन लिहून ठेवत. वह्या स्वित्झर्लंडमधील बँकेत जात. पहलवींची सत्ता उरणार नाही तेव्हाच त्या छापाव्यात, अशी सूचना त्यांनी पत्नीला दिली होती. जो मनुष्य दिवसा राजवटीच्या चिरंतनतेची भाषा बोलतो तोच रात्री तिच्या अंतानंतरच्या वाचकासाठी लिहितो, यापेक्षा बोलका अभिप्राय त्या राजवटीवर दुसरा नसेल.

रोजनिशीत स्तुती विपुल आहे, कधी कधी किळस यावी इतकी. पण मधूनच टाचणी टोचल्यासारखे वाक्य येते: महागाई, विजेचा तुटवडा, अधिकाऱ्यांचा उर्मटपणा, लोकांची तुटलेली आपुलकी. यातले काही ते शाहापुढे 'अर्ज' करतात, काही अर्धवट, आणि बरेचसे फक्त वहीला सांगतात. 1973 मध्ये तेलाचे भाव भडकल्यावर ही दरी वाढत जाते. 1975 मध्ये शाहाने एकपक्षीय 'रस्ताखीज' आणला तेव्हा दोन पक्षांचे ते जुने नाटकही संपले. नाना फडणिसांचे आत्मवृत्त आठवावे: तिथेही एक चतुर दरबारी माणूस स्वतःच्या दुबळेपणाविषयी विलक्षण मोकळेपणाने लिहितो. मात्र नाना मुख्यतः आपल्या मनाचा हिशोब देतात. अलम दुसऱ्याच्या मनाचा देतात आणि स्वतःचे झाकून ठेवतात.

या वह्यांवर एका आजाराची सावली आहे. अलम यांना रक्ताचा कर्करोग होता आणि त्यांच्यावर फ्रेंच रक्तविकारतज्ज्ञ जाँ बर्नार यांचे उपचार चालू होते. 1974 मध्ये शाहाची प्लीहा वाढल्याचे आढळले, तेव्हा अलम यांच्याच मध्यस्थीने बर्नार आणि त्यांचे सहकारी जॉर्ज फ्लांद्रँ गुप्तपणे तेहरानला आले. निदान त्याच जातीचे निघाले. रोगाचे खरे नाव शाहापासून दीर्घकाळ दडवण्यात आले. एका वर्षी जन्मलेली, एकाच वैद्याकडे जाणारी ही दोन माणसे रोज सकाळी समोरासमोर येत आणि तेलाविषयी बोलत.

ऑगस्ट 1977 मध्ये प्रकृतीच्या कारणाने अलम पायउतार झाले. त्यांच्या जागी आले ते हुवैदाच, ज्यांच्याविषयी वह्यांत एकही बरा शब्द सापडणे कठीण. 14 एप्रिल 1978 रोजी न्यूयॉर्कमधील रुग्णालयात अलम वारले आणि मशहदला त्यांचे दफन झाले. शाहाने देश सोडला तो त्यानंतर नऊ महिन्यांनी, 16 जानेवारी 1979 रोजी. हुवैदांना एप्रिल 1979 मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. वह्या मात्र बँकेत सुखरूप होत्या. एकेकाळचे अर्थमंत्री अलीनकी अलीखानी यांनी त्या संपादित केल्या, आणि इराणबाहेर त्यांचे फारसी खंड एकामागून एक निघाले.