विश्रामबागेंतील पाठशाळा व तिच्या पोथ्या

पुण्यांतील विश्रामबागवाड्याचें नांव निघालें म्हणजे बहुतेकांस दुसऱ्या बाजीरावाचा विलास आणि दर्शनी बाजूचें नक्षीदार लांकूडकाम एवढेंच आठवतें. वास्तविक बाजीरावाचें त्या वाड्यांतील वास्तव्य फार थोड्या वर्षांचें. त्याच्या मागून त्याच वाड्यांत सरकारी संस्कृत पाठशाळा बसली, ती सन १८२१ पासून सन १८५१ पर्यंत तीस वर्षें चालली. विलासाची आठवण उरली आणि विद्येची पुसट झाली, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांस भूषणावह नाहीं. या पाठशाळेच्या आठवणींचीं साधनें कोणतीं व तीं राखावीं कशीं, याचा विचार करण्याकरितां हा लेख आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम पाठशाळेचें मूळ पाहूं. पेशव्यांच्या अमदानींत श्रावणमासीं विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वांटीत, हें सर्वश्रुत आहे. या प्रघाताचा उगम तळेगांवच्या दाभाड्यांकडे जातो. पुढें तो पेशव्यांनीं आपल्याकडे घेतला. सन १८१८ मध्यें राज्य गेल्यावर दक्षिणा एकाएकीं बंद केल्यास विद्वद्वर्ग व त्याच्या मागें असलेला समाज दुखावेल, हें माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें ओळखलें. म्हणून त्या रकमेचा कांहीं भाग विद्यादानाकडे वळवावा, असा विचार ठरला. आणि त्याच्या मागून दक्षिणचा कमिशनर झालेल्या चॅप्लिनच्या कारकीर्दींत, ता. ६ आक्टोबर १८२१ रोजीं, पाठशाळा सुरू झाली. इंग्रज लोक तिला हिंदू कॉलेज असें म्हणत.

तेथें व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र, वेदान्त, अलंकार, ज्योतिष, वैद्यक हे विषय शास्त्रीमंडळी शिकवीत, वेदाध्यापनहि होतें. विद्यार्थ्यांस वेतन मिळे. प्रवेश मात्र आरंभीं ब्राह्मणांपुरताच होता, हेंहि नमूद केलें पाहिजे. कारण ज्या निधींतून ती निघाली त्याचें स्वरूपच तसें होतें. पुढें मेजर टॉमस कँडी याजकडे पाठशाळेची देखरेख आली. मोल्सवर्थनें आरंभिलेल्या इंग्रजी-मराठी कोशाचें काम ज्यानें तडीस नेलें व सन १८४७ मध्यें तो प्रसिद्ध केला, तोच हा कँडी. मोरशास्त्री साठे यांच्यासारखे अध्यापक व कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्यासारखे विद्यार्थी तिला लाभले. जुन्या शास्त्राध्ययनांतून नव्या मराठी गद्याकडे जाणारी वाट कोठून फुटली, असें कोणी विचारल्यास या वाड्याकडे बोट दाखवावें लागतें.

सन १८५१ मध्यें पाठशाळा व सरकारी इंग्रजी शाळा एक होऊन पूना कॉलेज झालें. त्याच वाड्यांत सन १८५२ च्या नोव्हेंबरांत, मुलींसाठीं शाळा काढल्याबद्दल जोतीराव फुले यांचा सरकारतर्फें मेजर कँडी याच्या हस्तें सत्कार झाला. ज्या जागीं एका वर्णाच्या मुलांस वेतन देऊन शिकविलें, त्याच जागीं शिक्षणाची कक्षा रुंदावणाऱ्याचा गौरव व्हावा, हा योग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. पाठशाळेची स्मृति राखावयाची तर ती तिच्या मर्यादांसह राखावी. नुसती स्तुति म्हणजे इतिहास नव्हे.

पूना कॉलेजास सन १८६४ मध्यें डेक्कन कॉलेज असें नांव मिळालें व सन १८६८ मध्यें तें येरवड्याकडील नव्या इमारतींत गेलें. मागें राहिलेल्या वाड्यास सन १८७९ च्या मे महिन्यांत आग लागली. त्याच वेळीं बुधवारवाडा तर समूळ जळाला. विश्रामबागेचा कांहीं भाग गेला व मागाहून त्याची दुरुस्ती झाली. तात्पर्य, वास्तूवर विसंबून पाठशाळेचा शोध लागणें कठीण. तो कागदांत व पोथ्यांत घेतला पाहिजे.

पैकीं पोथ्यांचा धागा अजून तुटलेला नाहीं, हें मोठें भाग्य. पाठशाळेचा जुना संग्रह डेक्कन कॉलेजांतील सरकारी हस्तलिखितांत सामील झाला व श्रीधर रामकृष्ण भांडारकर यांनीं सन १८८८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या यादींत ‘विश्रामबाग’ या नांवानेंच नोंदला गेला. सन १९१८ मध्यें तो सर्व सरकारी संग्रह भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे आला. तेथील वर्णनात्मक सूचींतहि पोथीच्या क्रमांकापुढें ‘विश्रामबाग’ हा शब्द आढळतो. इमारतीनें दोनदां धनी बदलले, संस्थेनें नांव बदललें, परंतु पोथीवरील तो एक शब्द टिकला. एखाद्या ग्रंथपालानें नवे क्रमांक घालतांना जुने पुसून टाकिले असते, तर पाठशाळेंत कोणते ग्रंथ होते हें सांगण्याचें साधनच नाहींसें झालें असतें.

यावरून संग्राहकांनीं घ्यावयाचा बोध उघड आहे. पोथी हातीं आली म्हणजे आपण ग्रंथाचें नांव व कर्ता पाहतों, आणि वेष्टण, पुठ्ठा, कोरें पहिलें पान, समासांतील टिपणें हीं निरुपयोगी म्हणून टाकून देतों. पाठशाळेचा इतिहास नेमका त्या टाकलेल्या वस्तूंत असतो. शेवटच्या पानावरील शक, संवत्सर व तिथि यांवरून लेखनाचा काळ ठरतो. लेखकाच्या नांवावरून, तो अध्यापक कीं विद्यार्थी, याचा माग लागतो. समासांतील टिपणांवरून पाठ कसा देत हें कळतें. कौमुदीची शंभरावी प्रत ग्रंथ म्हणून कवडीमोल असेल. परंतु ती विश्रामबागेंत बसून उतरलेली असल्यास शाळेचा दाखला म्हणून अमोल आहे.

दुसरें साधन दक्षिणेच्या व पाठशाळेच्या सरकारी कागदांचें. तें वापरतांना एक सावधगिरी ठेवावी. पटावरील नांवावरून कोणास पैसा मिळाला हें सिद्ध होतें. कोण काय शिकला हें सिद्ध होत नाहीं. तिसरें साधन घरोघरच्या आख्यायिकांचें. ‘आमचे पणजोबा विश्रामबागेंत होते’ असें सांगणाऱ्यांत पाठशाळेंतील, पुढच्या कॉलेजांतील व नंतर वाड्यांत भरलेल्या इतर शाळांतील सर्व एकत्र होतात. म्हणून आख्यायिकेस साल विचारावें, सालास कागद विचारावा, आणि कागदास पोथीची साक्ष मिळते काय तें पाहावें. तिन्ही जुळलीं तरच विधान करावें.

शास्त्रीघराण्यांतील रुमाल वर्षानुवर्षें वाळवीच्या व रद्दीवाल्याच्या स्वाधीन होत आले आहेत. ज्यांच्या घरीं असे रुमाल असतील त्यांनीं ते सोडण्यापूर्वीं बांधणीचा क्रम टिपून ठेवावा, पोथी व तिचें वेष्टण यांची ताटातूट करूं नये, आणि पोथी दुसऱ्याच्या स्वाधीन करितांना ती कोणाच्या घरची हें लिहून द्यावें. संग्राहकांनींहि आपला क्रमांक खुशाल घालावा, परंतु जुना खोडूं नये. इतकें केलें तरी, एके काळीं शास्त्राध्ययनानें गजबजलेली ती पाठशाळा पुढील अभ्यासकांस पुनः उभी करितां येईल. वाड्याच्या खांबांची काळजी महानगरपालिका घेईल; पोथ्यांची काळजी मात्र तुम्हां-आम्हांसच घेतली पाहिजे.